मुरुडच्या काचपेटीतला समुद्र आणि चमचाभर सोडा

मुरुड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जंजिऱ्याचा किल्ला उभा राहतो. कोकणाशी अधिक जवळीक असणाऱ्यांना दापोलीजवळचे, महर्षी कर्व्यांचे मुरुड आठवते. तिसरे मुरुड मात्र लातूर तालुक्यात, लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जंजिऱ्याचे मुरुड आणि हे मुरुड साधारण एकाच अक्षांशावर वसलेले आहेत. दोहोंमध्ये सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास अंतर, सह्याद्रीची भिंत आणि पाचशे मीटरांहून अधिक उंचीचा फरक एवढे सारे आहे. किनाऱ्यावरच्या मुरुडकराला खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे झाले तर स्वच्छ दिवस पाहून कॅनभर समुद्र घरी आणता येतो. मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोरही अरबी समुद्र हात जोडून उभा होता. मराठवाड्यातल्या मुरुडला मात्र समुद्र घरीच तयार करावा लागतो आणि तो टिकवावाही लागतो.

तयार करणे त्यामानाने सोपे असते. आरओ यंत्रातून गाळलेल्या लिटरभर पाण्यात मत्स्यालयासाठी मिळणारे सुमारे ३५ ग्रॅम मिश्र मीठ विरघळवले की समुद्राच्या जवळपास जाणारे पाणी होते. स्वयंपाकघरातले मीठ येथे चालत नाही, कारण ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्रात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे पुष्कळ काही असते. या मोठ्या मंडळींच्या गर्दीत एक घटक अगदीच अल्प प्रमाणात असतो. तो म्हणजे बायकार्बोनेट. समुद्राच्या एक किलो पाण्यातल्या ३५ ग्रॅम क्षारांपैकी त्याचा वाटा साधारण ०.१४ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पाण्याची अल्कता, इंग्रजीत जिला अल्कलिनिटी म्हणतात, ती मुख्यतः या चिमूटभर घटकावर अवलंबून असते. काचपेटीत सर्वांत आधी संपतो तोही हाच.

सामू वेगळा, अल्कता वेगळी

शेतीशी संबंध असलेल्या लातूरकराला सामू हा शब्द नवा नाही. माती परीक्षणाच्या अहवालात तो पहिल्या काही ओळींतच भेटतो. सामू, म्हणजेच पीएच, पाणी या क्षणी किती आम्ल वा किती अल्क आहे ते सांगतो. अल्कता सांगते ती गोष्ट निराळी असते: पाण्यात आम्ल पडत राहिले तर ते किती काळ दम धरेल? सामू हा आजचा भाव म्हटला तर अल्कता ही गोदामातली शिल्लक आहे. शिल्लक भरपूर असेपर्यंत भाव फारसा हलत नाही. ती संपत आली की एका रात्रीत कोसळतो आणि पेटीतले मासे सकाळी पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात.

मत्स्यालयांच्या जगात अल्कता बहुधा जर्मन अंशांत मोजतात. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी आम्ल पचवण्याची क्षमता. समुद्राची अल्कता ७ अंशांच्या जवळपास असते आणि काचपेटीत ती ७ ते ११ यांच्या दरम्यान ठेवण्याची प्रथा आहे. या पट्ट्यात नेमका कोणता आकडा निवडला यापेक्षा तो रोज तोच राहतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते.

ही शिल्लक जाते कुठे? याचे उत्तर मराठवाड्यातल्या प्रत्येक न्हाणीघरात सापडते. काळ्या पाषाणातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात हीटर बुडवला की काही आठवड्यांत त्याच्या कॉइलवर पांढरा, टणक थर चढतो. पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट एकत्र येऊन तेथे कॅल्शियम कार्बोनेट बनलेले असते. प्रवाळ नेमके हेच करतो, फक्त उष्णतेऐवजी स्वतःच्या पेशींच्या बळावर. प्रवाळाचा सांगाडा, शंखाचे कवच, दगडांवर पसरणारे गुलाबी चुनखडी शैवाल आणि हीटरवरचा तो त्रासदायक थर ही रासायनिकदृष्ट्या एकाच कुळातली भावंडे होत. त्या प्रत्येकाच्या वाढीबरोबर पाण्यातली अल्कता घटते. हिशेब ठरलेला आहे: अल्कता २.८ अंशांनी उतरली की लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम कॅल्शियमही खर्ची पडते.

दुसरी गळती माशांच्या खाण्यातून होते. अन्न आणि विष्ठा यांतून निघणाऱ्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात आणि या क्रियेत आम्ल तयार होते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असा पचवला जाताना सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता खाऊन टाकतो. पेटीत प्रवाळाचा एक तुकडाही नसला तरी ही गळती चालूच राहते.

भारतीय वाचकाने येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पाश्चात्त्य पुस्तकांतली द्रावणांची प्रमाणे प्रायः दगडी प्रवाळांनी गच्च भरलेल्या पेट्यांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. समुद्रातून काढलेला असा प्रवाळ घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो. साहजिकच कायदा पाळणाऱ्या घरातल्या पेटीत मासे, काही गोगलगायी, शैवाल आणि फार तर मऊ प्रवाळ असतात. त्यांची अल्कतेची भूक कितीतरी कमी असते. परदेशी प्रमाण जसेच्या तसे उचलले तर उणीव भरून निघण्याऐवजी पाणी भरमसाट अल्क होते. माशांच्या बाबतीतही समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा पिंजऱ्यात वाढवलेले बरे. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशाचे प्रजनन आता देशात होते.

चारशे लिटर की सहा ग्रॅम

अल्कता घटली तर पाणी बदला, असा सरधोपट सल्ला दिला जातो. किनाऱ्यावर तो ठीक असेल. लातूर जिल्ह्यात त्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

समजा, २०० लिटर पाण्याच्या पेटीत अल्कता ६ अंशांवर उतरली आहे आणि नव्या मिठाच्या पाण्याची अल्कता ८ अंश आहे. केवळ पाणी बदलून ६ चे ७ अंश करायचे तर निम्मे पाणी, म्हणजे १०० लिटर, काढून टाकावे लागेल. घरगुती आरओ यंत्र एका लिटरमागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर सोडते असे धरले, तर या १०० लिटरांसाठी नळाचे किंवा बोअरचे ४०० लिटर पाणी लागेल. वर साडेतीन किलो मीठ वेगळे. तोच एक अंश खाण्याच्या सोड्याने वाढवायचा तर लागतो ६ ग्रॅम सोडा, चहाच्या एका सपाट चमच्याहून थोडासा जास्त.

मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, त्या दिवसाची छायाचित्रे अनेकांना आठवत असतील. ज्या प्रदेशाने असा उन्हाळा पाहिला आहे तेथे शोभेच्या पेटीसाठी चारशे लिटर ओतणे कोणालाही खटकावे. घरगुती द्रावणाचे महत्त्व येथे पैशांच्या बचतीपेक्षा पाण्याच्या बचतीत आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही गटारात न जाता फरशी पुसण्याला आणि संडासच्या टाकीत वापरता येते, हे सांगायला नको.

कोणता सोडा, कोणता नव्हे

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. समुद्रातल्या अल्कतेचा मुख्य घटक तोच असल्याने पेटीत परके असे काहीच जात नाही. सोडा बंद पाकिटातला, खाद्य दर्जाचा घ्यावा. सुट्या सोड्यात काय मिसळले आहे याची खात्री देता येत नाही.

गोंधळ होतो तो नावांच्या साधर्म्यामुळे. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर आम्लधर्मी क्षार आणि पिष्ट असते. ती पेटीत टाकली तर अल्कता वाढण्याऐवजी पाणी गढूळ होईल. पोट साफ करण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या फसफसणाऱ्या चूर्णांत सायट्रिक आम्ल असते, तीही बाद. धुण्याचा सोडा रसायन म्हणून उपयोगी आहे, पण कपड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या मालाची शुद्धता माशांच्या जिवावर बेतू शकते. पापडखाराचेही तेच. खारांचा एक मोठा नैसर्गिक साठा मराठवाड्याच्या वेशीवरच, बुलडाणा जिल्ह्यात लोणारला आहे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या त्या विवरातल्या सरोवराचे पाणी इतके अल्क आहे की त्याचा सामू १० च्या घरात जातो. तेथला खार पूर्वी काच आणि साबण बनवण्यासाठी वापरला जाई, असा उल्लेख 'ऐन-ए-अकबरी'त आहे. साबणाला जे चालते ते विदूषक माशाला चालेलच असे नाही. लोणारच्या पाण्यात मासे नाहीत, यातच सारे आले.

आणखी एक समजूत दूर करायला हवी. पेटीच्या तळाशी शिंपल्यांचा चुरा किंवा प्रवाळी वाळू अंथरली की अल्कता आपोआप राखली जाते, असे अनेक दुकानदार सांगतात. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या वर असतो आणि त्या सामूला हा चुरा विरघळत नाही. पाणी बरेच बिघडल्यानंतरच तो विरघळू लागतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

चौऱ्याऐंशी ग्रॅमचे द्रावण

घरी करता येण्याजोगे सर्वांत सोपे द्रावण असे: ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा सुमारे ८०० मिलिलिटर आरओच्या पाण्यात ढवळून विरघळवावा आणि मग पाणी घालून एकूण एक लिटर करावे. पाणी कोमट चालेल, उकळते नको. सोडा याहून फारसा अधिक विरघळत नाही, त्यामुळे द्रावण घट्ट करण्याच्या फंदात पडू नये. हा ८४ चा आकडा सोडियम बायकार्बोनेटच्या रेणुभारावरून आलेला आहे आणि त्यामुळे पुढचे गणित सुटसुटीत होते. या द्रावणाच्या ३६ मिलिलिटरने १०० लिटर पाण्याची अल्कता एक अंशाने वाढते. २०० लिटरला ७२ मिलिलिटर लागतील.

मात्र लिटर मोजताना पेटीच्या लांबी-रुंदीवर विसंबू नये. नव्वद सेंटिमीटर लांब आणि पंचेचाळीस सेंटिमीटर रुंद व उंच अशा पेटीचा हिशेब १८२ लिटर भरतो, परंतु दगड, वाळू आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी बरेच कमी निघते. पहिल्यांदा पेटी भरतानाच बादल्या मोजून तो आकडा काचेच्या मागे लिहून ठेवणे उत्तम.

याच सोड्याचे दुसरे रूप ओव्हनमध्ये तयार होते. पसरट स्टीलच्या ताटात सोडा पातळ पसरून १५० ते २०० अंश सेल्सिअसला तासभर भाजला की त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सोडियम कार्बोनेट मागे उरते. भाजणे पूर्ण झाले की नाही हे वजनावरून कळते. शंभर ग्रॅमचे ६३ ग्रॅम झाले पाहिजेत. ७० भरले तर आणखी भाजावे. भांडे अॅल्युमिनियमचे नसावे, कारण हा सोडा त्या धातूला खातो. ८४ ग्रॅम खाण्याचा सोडा भाजला की ५३ ग्रॅम उरतो आणि तो लिटरभर पाण्यात विरघळवला की वरच्याच ताकदीचे द्रावण मिळते. म्हणजे मापे तीच राहतात, बदलतो तो सामूवरचा परिणाम. कच्च्या सोड्याने पेटीचा सामू जवळपास होता तेथेच राहतो, किंचित उतरतोही. भाजलेल्या सोड्याने तो चढतो.

मग कोणता वापरावा? खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन चालणाऱ्या खोलीत माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात उतरतो आणि सामू खाली राहतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात अशा खोल्या पुष्कळ असतात. तेथे भाजलेला सोडा उपयोगी. हवेशीर घरात, जेथे सामू सायंकाळी ८.३ पर्यंत जातो, तेथे कच्चा सोडाच बरा. नवख्याने सुरुवात कच्च्यापासूनच करावी; त्यात चूक झाली तरी ती सावकाश होते.

थेंब मोजण्याची सवय

सोडा स्वस्त आहे, चमचा हाताशी आहे, आणि म्हणूनच अंदाजाने टाकण्याचा मोह होतो. बहुतेक अपघात याच मोहातून घडतात. अल्कता मोजण्याचा संच म्हणजे दुसरे काही नसून सौम्य आम्लाची बाटली आणि रंगद्रव्य असते. परीक्षानळीत ठरावीक पाणी घेऊन त्यात थेंबाथेंबाने आम्ल घालायचे आणि निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे. अनेक संचांत एक थेंब म्हणजे एक अंश असतो. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धरलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल.

संच जुना झाला असेल तर त्याची परीक्षाही घरच्या द्रावणानेच घेता येते. कच्च्या सोड्याच्या ८४ ग्रॅमच्या द्रावणातले अडीच मिलिलिटर सिरिंजने मोजून घ्यावे आणि आरओचे पाणी घालून एक लिटर करावे. या पाण्याची अल्कता ७ अंश यायला हवी. संच ९ दाखवत असेल तर दोष पेटीत शोधण्यात अर्थ नाही.

वाढ दिवसाला एक अंशाहून अधिक होऊ देऊ नये. अल्कता ५ पर्यंत घसरलेली आढळली तरी ८ गाठायला तीन-चार दिवस द्यावेत. आठवडाभर रोज एकाच वेळी मोजणी करून पेटी दिवसाला किती अल्कता खाते ते आधी काढावे आणि मग तेवढीच रोज परत घालावी. मासे मोजके असतील तर ही रोजची घट इतकी अल्प निघते की आठवड्यातून एकदा घातले तरी भागते.

चुन्याची निवळी

प्रवाळ, शंख आणि शैवाल यांच्या वाढीमुळे अल्कतेबरोबर कॅल्शियमही घटते, हे वर आलेच. दोन्ही एकदम भरून काढणारा एक उपाय जर्मन मत्स्यपालकांनी रूढ केला. त्यांनी त्याला 'काल्कवासर' म्हटले, म्हणजे शब्दशः चुन्याचे पाणी. मराठी घरांत हाच पदार्थ 'चुन्याची निवळी' म्हणून पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. लहान मुलांना कॅल्शियमसाठी ती दिली जात असे.

कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ते पावणेदोन ग्रॅम विरघळते. त्याहून अधिक टाकलेले तळाशी बसते आणि वरचे निवळ पाणी तेवढे वापरायचे असते. त्याचा सामू १२ च्या पुढे असल्याने ते पेटीत ओतून चालत नाही. थेंब थेंब सोडावे लागते. पानाचा चुना येथे वापरू नये. त्यात सुगंधापासून काहीही असू शकते. शुद्ध, सीलबंद कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे आणि भांडे झाकून ठेवावे, नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर पापुद्रा धरतो आणि निवळीची ताकद जाते.

येथे मराठवाड्याच्या कोरड्या हवेचा चक्क फायदा होतो. पेटीतून आटते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून आटलेली जागा नेहमी बिनमिठाच्या पाण्याने भरायची असते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाणी कमी आटते, त्यामुळे निवळी घालायला वाव कमी मिळतो. लातूरकडच्या उन्हाळ्यात, पेटीवर पंखा असेल तर, वाव भरपूर असतो. १०० लिटरच्या पेटीतून दिवसाला एक लिटर पाणी आटत असेल आणि ते सारे निवळीने भरले तर अल्कता सुमारे १.१ अंशाने वाढेल. केवळ मासे असलेल्या पेटीला हे फारच झाले. तेथे चार भाग साध्या आरओच्या पाण्यात एक भाग निवळी पुरे. पाऊस सुरू झाला की आटणे मंदावते आणि प्रमाण पुन्हा ठरवावे लागते.

निवळीऐवजी कॅल्शियम क्लोराइडचे वेगळे द्रावण करून सोड्याच्या जोडीने देण्याचीही पद्धत आहे. ही दोन द्रावणे कधीही एका भांड्यात एकत्र करू नयेत, की पेटीत लागोपाठ ओतू नयेत. तसे केले तर पाण्यात क्षणात पांढरे ढग उठतात आणि घातलेले सारे खडू होऊन तळाशी बसते. हीटरच्या कॉइलवर होते तेच, पण पेटीभर. दोहोंमध्ये निदान तासाभराचे अंतर ठेवावे. या जोडीतून पाण्यात हळूहळू साधे मीठ साठत जाते, म्हणून विशिष्ट गुरुत्व तपासून ते १.०२५ च्या आसपास राखावे.

सोड्याने भागते ते अल्कतेपुरतेच. नायट्रेट साठत राहते, सूक्ष्म घटक संपत राहतात, आणि त्यांच्यासाठी थोडे पाणी अधूनमधून बदलावेच लागते. मात्र निम्मी पेटी उपसण्याची वेळ येत नाही. महिन्याला दहा टक्के बदलले तरी माफक मासे असलेली पेटी तग धरते. मासे किती ठेवायचे हा निर्णय मग पाण्याच्या उपलब्धतेवरून घ्यावा लागतो आणि तो दुकानात जाण्यापूर्वीच घेतलेला बरा.

द्रावण घालायला पहाटेची वेळ चांगली. रात्रभर अंधारात शैवालाने कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, सामू दिवसातला सर्वांत खाली असतो आणि भाजलेल्या सोड्याचा वा निवळीचा चढ त्या वेळी पचून जातो. पंपासमोरच्या वाहत्या पाण्यात, माशांपासून दूर, सावकाश धार धरावी. भारनियमनाने पंप बंद असेल तर त्या दिवशी द्रावण घालूच नये. बाटल्यांवर नाव आणि तारीख ठळक लिहावी आणि त्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवू नयेत, कारण भाजलेला सोडा दिसायला खाण्याच्या सोड्यासारखाच असतो आणि चुन्याची निवळी साध्या पाण्यासारखी.